विडा देणारी पुतळी आणि चहा वाहणारी बाहुली : काष्ठयंत्रांच्या रचनाविद्येतील गुप्ती व प्रकटीकरण

धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुविद्येवरील ग्रंथाचा एकतिसावा अध्याय 'यंत्रविधान' या नावाने ओळखला जातो. या अध्यायात लाकडी पुतळ्यांचे जे वर्णन आले आहे ते यंत्रविद्येच्या इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी मोहात पाडणारे आहे. स्त्रीची किंवा पुरुषाची आकृती लाकडाची करावयाची. तिचे अवयव वेगवेगळे घडवून ते खिळ्यांनी व सळयांनी सांध्यांत जोडावयाचे. आतून दोरे ओवावयाचे व वरून कातडे मढवावयाचे. अशी आकृती मान हलविते, हात पुढे करते, पाहुण्याला विडा देते, पाणी शिंपडते, प्रणाम करते, आरशात पाहते, वीणा वाजविते. दाराशी उभा राहून आगंतुकाला अडविणारा लाकडी द्वारपाल, दिव्यात तेल घालणारी बाहुली आणि कितीही पाणी पाजले तरी ते पिऊन टाकणारा हत्ती यांचाही उल्लेख तेथे आहे.

हे सर्व वाचल्यावर साहजिकच जो प्रश्न उद्भवतो तो असा की, या पुतळीच्या आत नेमके काय होते? चाके किती, दोरा कोठून कोठे नेलेला, हालचालींचा क्रम कशाने ठरविलेला? भोजाने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, आणि ते न देण्याचे कारण मात्र स्पष्टपणे नोंदविले आहे. यंत्रांची घडण सांगितलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी; कारण उघड केलेली यंत्रे फलदायी होत नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. यंत्रशास्त्रावरील एखाद्या जुन्या ग्रंथकाराने स्वतःच्या मौनाचे असे समर्थन करावे हे विरळाच होय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत त. गणपतिशास्त्री यांनी हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये दोन खंडांत संपादून प्रसिद्ध केला आणि १९५२ मध्ये व्ही. राघवन यांनी प्राचीन भारतातील यंत्रांविषयीचे संस्कृत साहित्यातील उल्लेख एका पुस्तिकेत एकत्र केले. तेव्हापासून या अध्यायाचा आधार दोन टोकांच्या विधानांसाठी घेतला गेला आहे. एका पक्षाच्या मते अकराव्या शतकात भारतात स्वयंचलित यंत्रे सर्रास होती. दुसऱ्या पक्षाच्या मते हा सारा कविकल्पनेचा विलास आहे. ज्या काश्मिरी 'कथासरित्सागरा'त कळ दाबताच उडणाऱ्या, पाणी आणणाऱ्या व नाचणाऱ्या लाकडी बाहुल्यांची करंडी येते, तो ग्रंथही त्याच शतकातला असल्यामुळे दुसऱ्या पक्षाला बळ मिळते, हे खरे.

परंतु यंत्र खरोखर होते की नव्हते, एवढ्यावरच हा विचार थांबविणे इष्ट नाही. यंत्राची रचना लिहून ठेवणे आणि ती लिहून न ठेवणे या दोन निर्णयांचा परिणाम शतकानुशतके काय होतो, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर जेथे रचना लिहिली गेली असे एखादे उदाहरण शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. असे एक उदाहरण पश्चिम आशियात आहे. दियारबकर येथील दरबारी यंत्रकार अल्-जझारी याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात जलघटी, कारंजी व वाजंत्री वाजविणाऱ्या पुतळ्या यांची मापे, साहित्य आणि जोडणीचा क्रम दिला आहे. लाकूड पिळू नये म्हणून त्याचे थर एकमेकांवर चिकटवावेत, चाक आसावर बसविण्यापूर्वी त्याचा तोल पाहून घ्यावा, अशा कारागिरीच्या बारकाव्यांचीही नोंद त्याने केली आहे. त्याच्या प्रसिद्ध गजघटीच्या पोटात पाण्यात बुडणारे जे छिद्रयुक्त भांडे आहे, ते आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी मांडल्या जाणाऱ्या घटिकापात्राचाच भाऊबंद होय. त्याच्या ग्रंथावरून १९७६ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याची एक भव्य जलघटी पुन्हा उभारण्यात आली व ती चालली. तथापि जझारीच्या यंत्रांत पाणी व धातू यांचे प्राधान्य आहे. भोजाच्या विडा देणाऱ्या पुतळीशी खरी तुलना करावयाची तर लाकूड, दोरा व दंतचक्रे यांनीच बनलेली आणि आतिथ्याचेच काम करणारी दुसरी आकृती हवी. ती अठराव्या शतकातील जपानात सापडते.

जपानमध्ये यांत्रिक घड्याळ पोहोचले ते सोळाव्या शतकात. १५४९ मध्ये गोव्याहून तिकडे निघालेल्या फ्रान्सिस झेवियरने १५५१ मध्ये यामागुची येथील सरदाराला ज्या भेटी दिल्या, त्यांत एक घड्याळ होते. पुढे सतराव्या शतकात परदेशी संपर्क अत्यंत मर्यादित झाल्यावर तेथील कारागिरांनी हे यंत्र आपल्या कालगणनेला जुळवून घेतले. सूर्योदय ते सूर्यास्त सहा भाग व सूर्यास्त ते सूर्योदय सहा भाग अशी ती गणना असल्यामुळे घटकेची लांबी ऋतूप्रमाणे बदले. म्हणून घड्याळाच्या आंदोलक दांडीवरील वजने सरकवून त्याची गती बदलण्याची सोय करावी लागे. १८७३ मध्ये पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली जाईपर्यंत ही घड्याळे चालू होती. याच घड्याळांतील दंतचक्रे व गतिनियामक लाकडात उतरवून बाहुलीच्या पोटात बसविणे, हे 'काराकुरी' या कलेचे एक प्रमुख अंग बनले. ताकेदा ओमी याने १६६२ मध्ये ओसाका येथे यांत्रिक बाहुल्यांचे नाट्यगृह सुरू केले. १६७५ मधील एका रचनेत इहारा साइकाकु या विख्यात साहित्यिकाने चहा वाहून नेणाऱ्या बाहुलीचा उल्लेख केला आहे. म्हणजे त्या सुमारास ही बाहुली लोकांच्या परिचयाची झाली होती. १७२१ मध्ये शोगुनाच्या शासनाने नव्या प्रकारच्या वस्तू बनविण्यावर निर्बंध घातले. कल्पक कारागिराची बुद्धी खेळण्यांकडे का वळली याचे काही अंशी स्पष्टीकरण यात मिळते. परंतु सर्व श्रेय या निर्बंधांना देणे योग्य होणार नाही, कारण नाट्यगृह व बाहुली ही दोन्ही त्यापूर्वीचीच आहेत.

या कलेचा पाया म्हणता येईल असा ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'काराकुरी झुई', म्हणजे यांत्रिक युक्तींचा सचित्र संग्रह. ग्रंथकर्ता होसोकावा हान्झो योरिनाओ हा तोसा प्रांतातला. गणित व ज्योतिष यांत निष्णात असल्यामुळे एदो येथे चाललेल्या पंचांगशुद्धीच्या कार्यात त्याचा सहभाग होता. ग्रंथ निघाला त्याच वर्षी त्याचे निधन झाले. लाकडी ठशांनी छापलेल्या या ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला घड्याळांना वाहिलेला असून उरलेल्या दोन भागांत नऊ प्रकारच्या यांत्रिक बाहुल्या व खेळणी येतात. घड्याळे आधी आणि बाहुल्या नंतर, हा क्रम सहेतुक दिसतो. ज्याला घड्याळ समजले त्यालाच बाहुली समजेल, अशी त्यामागे दृष्टी असावी. प्रास्ताविकात होसोकावा म्हणतो की, चमत्कारिक यंत्रे घडवावयाची तर पुष्कळ पाहावे, मनात साठवावे आणि वस्तू हाताळताना बुद्धी चालवावी; माशाचे शेपूट पाहून सुकाणू सुचले, तसेच हे आहे. पुस्तकात वर्णिलेली यंत्रे म्हणजे पोरखेळ असला तरी पाहणाऱ्याच्या योग्यतेप्रमाणे त्यातून नवे काही सुचण्यास मदत होईल, असा त्याचा आशय आहे. भोजाच्या भूमिकेशी हे विधान ताडून पाहण्यासारखे आहे. भोजाच्या मते यंत्र उघड झाले की त्याचे फळ नाहीसे होते. होसोकावाच्या मते ते उघड झाल्यावरच फळू लागते. दोघांच्या मनातील 'फळ' मात्र एकच नाही. राजाला हवे होते प्रेक्षकांचे विस्मयचकित होणे. पंचांगकर्त्याला हवी होती वाचकाची कल्पकता.

होसोकावाची चहा वाहणारी बाहुली हातभर उंचीचीही नाही. तिच्या हातात तबक असते. यजमानाने तबकावर चहाचा पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालू लागते. चालताना पावले पुढेमागे होतात व मान लवते. पाहुण्याने पेला उचलला की ती थांबते. चहा पिऊन त्याने रिकामा पेला परत ठेवला की पुन्हा चालू लागते, वळते आणि यजमानाकडे परत येते. हे सारे घडविणारी शक्ती आहे एका कमानीची, आणि ती कमान धातूची नसून देवमाशाच्या तोंडातील लवचिक शृंगमय पट्टीची आहे. किल्लीने गुंडाळलेली ही पट्टी उलगडू लागली की तिचे बल दंतचक्रांच्या मालिकेतून एकीकडे जमिनीवर टेकलेल्या चाकांना आणि दुसरीकडे गतिनियामकाला पोहोचते. घड्याळातल्याप्रमाणे हा गतिनियामक चक्राचा एकेक दात अडवितो व सोडतो. तो नसता तर कमान क्षणार्धात उलगडून बाहुली भरधाव सुटली असती. झग्याखाली दिसणारी पावले जमिनीला टेकतच नाहीत. चाकांच्या हालचालीशी जोडलेल्या तरफा त्यांना आळीपाळीने पुढेमागे करतात एवढेच.

पेल्याच्या वजनाने चालू-बंद होण्याची योजना अत्यंत साधी आहे. बाहुलीचे हात खांद्याशी खुंटीवर झुलतात व त्यांच्याशी आतून एक अडसर जोडलेला असतो. तबकावर वजन आले की हात किंचित खाली जातात आणि अडसर चक्रापासून दूर होतो; वजन गेले की हात वर येतात आणि अडसर पुन्हा चक्रात शिरतो. बाहुली वळते ती मात्र पेला परत मिळाला म्हणून नव्हे. दंतचक्राबरोबर फिरणारा एक कॅम, म्हणजे ज्याचा घेर मुद्दाम विषम ठेवला आहे असा लाकडी तुकडा, ठरावीक अंतर काटून झाल्यावर पुढच्या सुकाणू-चाकाची दांडी ढकलतो आणि बाहुलीची दिशा फिरते. तेव्हा पाहुण्याला योग्य अंतरावर बसविणे हे यजमानाचे काम. पाहुणा दोन हात मागे बसला तर बाहुली त्याच्यापर्यंत न जाताच पाठ फिरवील. जिला विवेक म्हणावे अशी भासणारी गोष्ट एका लाकडी तुकड्याच्या घेरात साठविलेली आहे. भोजाने यंत्रांचे जे प्रकार केले आहेत त्यांत 'स्वयंवाहक' व 'सकृत्प्रेर्य' असे दोन आहेत. दुसऱ्याचा अर्थ एकदा प्रेरणा दिली की पुढे आपोआप चालणारे. होसोकावाच्या बाहुलीला यापेक्षा नेमके नाव शोधून सापडणार नाही. आपल्याकडील कळसूत्री बाहुल्या, उदाहरणार्थ सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकरांच्या, नावात 'कळ' असूनही या वर्गात येत नाहीत. तेथे सूत्र शेवटपर्यंत माणसाच्या बोटात असते.

या यंत्राची खरी अडचण गणिताची नसून लाकडाची आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट व आडव्या दिशेने कमकुवत असते. एका फळीतून दंतचक्र कापले तर ज्या दात्यांत तंतू उभे येतात ते टिकतात आणि ज्यांत आडवे येतात ते पहिल्याच ताणाला मुळापासून सुटतात. शिवाय हवेतील ओलाव्याने फळी एका दिशेने जास्त फुगून वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. जपानी कारागिरांनी यावर काढलेला तोडगा असा की, पंख्याच्या आकाराचे तुकडे कापून ते केंद्राभोवती चिकटवावयाचे, म्हणजे तंतू सर्व बाजूंना किरणांसारखे पसरतात व प्रत्येक दाता आपापल्या तंतूंच्या रोखाने उभा राहतो. आपला गाडीसुतारही बैलगाडीचे चाक एका ओंडक्यातून कापीत नाही. तुंबा, आरे व पाटे वेगवेगळे घडवून तो ते जुळवितो. कारण तेच आहे. चक्रासाठी एक लाकूड, आसासाठी दुसरे, अशी निवडही कामाच्या स्वरूपावरून होते. होसोकावाच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य हे की, तो बाहुलीचे बाह्यरूप, झगा उतरविल्यावर दिसणारी आतील रचना व सुटे केलेले भाग अशी चित्रे देऊन सोबत मापे व साहित्य सांगतो.

ग्रंथातील दुसऱ्या एका बाहुलीचा येथे निर्देश करणे अगत्याचे आहे. ती पायऱ्यांवरून कोलांट्या घेत खाली उतरते. तिच्यात कमान नाही की दंतचक्र नाही. अंगात पोकळी करून तीत पारा भरलेला असतो. पारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहिला की भार सरकतो, बाहुली उलटून खालच्या पायरीवर हात टेकते, आणि नव्या स्थितीत पारा पुन्हा वाहू लागतो. भोजाच्या यंत्राध्यायातही पारा आहे. हलक्या लाकडाच्या मोठ्या पक्ष्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र ठेवून खाली अग्नी पेटवावयाचा, म्हणजे आरूढ झालेला पुरुष आकाशात जातो, असे तेथे म्हटले आहे. पदार्थ एकच, पण दोन्ही वर्णनांची प्रमाणमूल्ये अगदी भिन्न आहेत. होसोकावाच्या वर्णनाची परीक्षा कोणालाही दोन दिवसांत घेता येते. भोजाच्या पक्ष्याविषयी तापलेल्या पाऱ्याची शक्ती पंखांपर्यंत कशी पोहोचते हेच सांगितलेले नसल्यामुळे परीक्षेला जागाच उरत नाही. वर्णनाचा अभाव हा यंत्राच्या अभावाचा पुरावा नव्हे, हे तर्कशास्त्रदृष्ट्या खरे असले तरी तो यंत्राच्या अस्तित्वाचा पुरावा तर मुळीच नव्हे. या पक्ष्यावरून विमानविद्येचे इमले उभारणाऱ्यांना याचा वारंवार विसर पडतो.

१९६०च्या दशकात जपानी अभ्यासकांनी होसोकावाच्या ग्रंथावरून चहा वाहणारी बाहुली पुन्हा बनविली आणि ती चालली. दीडशेहून अधिक वर्षांनंतर केवळ ग्रंथाच्या आधारे एक काष्ठयंत्र जिवंत झाले, ही घटना लेखनाच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. चित्रात दात्यांची संख्या दाखविता येते. दाता किती घासावा म्हणजे तो शेजारच्या दात्याशी न अडकता व न डुगडुगता फिरेल, हे चित्रात येत नाही. ते हाताला ठाऊक असते. नागोया परिसरात उत्सवांच्या रथांवर हलणाऱ्या बाहुल्या बनविणाऱ्या कारागिरांच्या परंपरा अठराव्या शतकापासून टिकून आहेत. तामाया शोबेई हे नाव तेथे पिढ्यानपिढ्या धारण केले जाते. ग्रंथाला अशा हातांची जोड मिळते तेव्हाच मापांतून यंत्र उभे राहते.

भोजाचीही भूमिका या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. यंत्रकाराला काय हवे हे सांगताना तो परंपरागत कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, प्रत्यक्ष कामातील उद्योग आणि बुद्धी यांची एकत्र गणना करतो. या यादीत शास्त्र हे पाचांपैकी एक आहे. ज्या समाजात यंत्राची घडण बापाकडून मुलाकडे व गुरूकडून शिष्याकडे जात होती, तेथे ती ग्रंथात नसल्याने तत्काळ काही बिघडत नव्हते. बिघडले ते परंपरा तुटल्यावर. दरबार गेले, आश्रय गेला, कारागीर अन्य कामांकडे वळले, आणि मागे उरला तो परिणामांची यादी देणारा अध्याय. श्रीरंगपट्टण येथे १७९९ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. दांडी फिरविताच त्याच्या पंजाखालच्या गोऱ्या माणसाचा हात हलतो, भाते फुगतात व गुरगुरणे आणि किंकाळी ऐकू येते. ती वस्तू राहिली म्हणून तिची यंत्ररचना कळते. भोजाच्या पुतळीबाबत ना वस्तू राहिली ना आकृती.

जपानमध्ये प्रकटीकरणाचा लाभ पुढच्या पिढीला झाला असे म्हणण्यास आधार आहे. मात्र तो एका पुस्तकाला चिकटविणे हा अतिसुलभ निष्कर्ष ठरेल. ग्रंथ निघाल्यानंतर तीन वर्षांनी, १७९९ मध्ये, कुरुमे येथे कासवाच्या पाठीच्या वस्तू घडविणाऱ्या कारागिराच्या घरी तानाका हिसाशिगे जन्मला. त्याचा बाण सोडणारा मुलगा हा कॅम व दोरे यांच्या योजनेचा उत्कृष्ट नमुना होय. तो मुलगा एकेक बाण उचलतो, धनुष्याला लावतो, नेम धरतो व सोडतो. मान वळविण्याच्या पद्धतीमुळे निर्विकार लाकडी मुखावर समाधान उमटल्याचा भास होतो. हिसाशिगेने १८५१ मध्ये अनेक तबकड्यांचे प्रसिद्ध घड्याळ पूर्ण केले व १८७५ मध्ये तोक्योत कारखाना काढला. तोशिबा उद्योगसमूहाच्या दोन मुळांपैकी एक तेथे पोहोचते. परंतु या प्रवासात सागा संस्थानाचा आश्रय, डच ग्रंथ व बदललेली राजवट यांचाही वाटा होता.

तर मग 'यंत्रविधाना'तून यंत्राविषयी विश्वसनीय असे काहीच हाती लागत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर अद्भुत पुतळ्यांच्या वर्णनात न शोधता त्याच अध्यायातील यंत्रगुणांच्या यादीत शोधले पाहिजे. अभ्यासकांचे लक्ष या रुक्ष यादीकडे पुतळ्यांच्या मानाने फारच कमी गेले आहे. चांगले यंत्र हलके असावे, गुळगुळीत असावे, त्याची गती अडखळू नये, ते लय-तालाला धरून चालावे, आवाज हवा असेल तेथे तो मोठा यावा व नको असेल तेथे मुळीच येऊ नये, आतील योजना बाहेरून दिसू नये, ते दीर्घकाळ टिकावे. या गुणांमध्ये 'अशैथिल्य' व 'अगाढता' हे दोन शब्द लागोपाठ येतात : यंत्राचे सांधे सैल नसावेत आणि घट्टही नसावेत. चमत्कार कल्पिणाऱ्या कवीला या दोहोंची गरज भासत नाही. कथेतील बाहुली कधी अडकत नाही आणि कधी खिळखिळी होत नाही. लाकडाचा आस लाकडाच्या भोकात बसविणाऱ्याला मात्र प्रत्येक पावसाळ्यात पहिला दोष टाळताना दुसरा पदरी येण्याची धास्ती असते. भोकाला किती मोकळीक ठेवावी हे भोजाने सांगितलेले नाही. पण ती ठेवावी लागते, हे त्याला किंवा ज्यांच्याकडून त्याने ऐकले त्यांना ठाऊक होते.